त्यांचं गाणं यांनी वाजवावं

रॉक बँडच्या फॅनचं एक लॉजिक मला कळूनही कळत नाही. महिनोन्महिने आधी तिकीट काढायचं, ते पण साइट हँग होतेय, ऑनलाइन रांगेत आपला नंबर हलत नाहीये अशा अवस्थेत, मग आठवडाभर त्या बँडच्या सगळ्या अल्बमची उजळणी करायची, आणि एवढं सगळं करून तिथे पोचल्यावर मनात काय, तर आज यांनी त्या दुसऱ्यांचं अमुक गाणं वाजवलं तर काय बहार येईल! अरे बाबा, ज्यांचं तिकीट काढलंस त्यांचीच ढीगभर गाणी आहेत, त्यातली जेमतेम वीस आज होणार, तुझ्या आवडीची निम्मी आधीच कटाप झालीयेत, त्यात परत दुसऱ्याचं कशाला? पण नाही. मीही त्यातलाच असल्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला आहे.

यात 'फ्री बर्ड' धरत नाही हां मी. स्टेजवर कोणीही असो, मागून एक जण लिनर्ड स्किनर्डच्या त्या गाण्याच्या नावाने बोंबलणारच, ती फर्माईश नसते, टवाळकी असते, आणि ती ओरडणाऱ्यालाही माहीत असते. खऱ्या फॅनची फर्माईश फार नेमकी असते. कुठला बँड, कुठलं गाणं, गिटारचा सोलो मूळचाच ठेवायचा की आपला वाजवायचा, आणि सेटमध्ये कुठल्या गाण्यानंतर, इथपर्यंत त्याचं ठरलेलं असतं. बँडला यातलं काही माहीत नसतं एवढाच काय तो प्रॉब्लेम.

मला वाटतं मुळात गाणं हा मुद्दाच नसतो. आपले दोन जिवलग मित्र असतात, दोघं आपल्या आयुष्यात वेगवेगळ्या दारांनी आलेले, आणि आपली फार इच्छा असते की त्यांनीही एकमेकांना ओळखावं, आणि नुसतं ओळखून नाही, एकमेकांवर खूश व्हावं, म्हणजे आपली निवड बरोबर होती असं दोन्हीकडून सर्टिफिकेट मिळतं. अ बँडने ब बँडचं गाणं वाजवलं की फॅनला नेमकं ते मिळतं. बघ, मी म्हणत होतो ना, यांच्या गिटारमध्ये त्यांचा अंश आहे!

याचं सगळ्यात भारी उदाहरण १९६७ चं. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम अधिकृतपणे १ जूनला आला आणि ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमी हेंड्रिक्सने शोची सुरुवातच त्याच्या टायटल साँगने केली. अल्बम बाजारात येऊन जेमतेम काही दिवस झालेत, अर्ध्या लोकांचा अजून नीट ऐकूनही झाला नसेल, आणि प्रेक्षकांत खुद्द मॅककार्टनी आणि हॅरिसन बसलेत. मॅककार्टनी म्हातारा झाला तरी स्वतःच्या शोमध्ये हा किस्सा सांगतोय. म्हणजे ज्याचं गाणं त्यालाही तेच सर्टिफिकेट हवं असतं, आपली काय कथा.

पण यात एक गोम आहे, हेंड्रिक्सला हे कोणी सांगितलं नव्हतं. फॅनने मागितलं आणि बँडने दिलं की काय होतं ते वीझर या बँडच्या केसमध्ये दिसतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका शाळकरी फॅनने ट्विटरवर चक्क एक अकाउंट उघडलं, एकच मागणी, वीझरने टोटोचं 'आफ्रिका' गावं. बस. रोज तेच. लोक जमत गेले. २०१८ च्या मे महिन्यात बँडने आधी काय केलं तर टोटोचंच, पण दुसरंच गाणं काढलं, 'रोझॅना', म्हणजे सरळ सरळ खेचली, आणि मग काही दिवसांनी खरंच 'आफ्रिका' काढलं. त्यावर टोटोने वीझरचं 'हॅश पाइप' गाऊन परतफेड केली. सगळं गोड आहे, मला हसू आलं, गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० मध्येही गेलं, आणि पुढे लाइव्ह शोमध्येही जाऊन बसलं. तरी ते ऐकताना मला सारखं वाटतं की हे ऑर्डर दिल्यासारखं आलंय. जवळजवळ मूळ गाण्याची कॉपी. वीझरला टोटोबद्दल काय वाटतं हे त्यातून मला काडीचंही कळलं नाही, फॅनबद्दल काय वाटतं ते मात्र कळलं.

याच्या बरोब्बर उलटी तऱ्हा निर्वानाची. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, एमटीव्हीच्या अनप्लग्डचं, म्हणजे इलेक्ट्रिक गोंगाट बाजूला ठेवून वाजवायच्या कार्यक्रमाचं, रेकॉर्डिंग. चॅनलवाल्यांना हिट गाणी हवी होती आणि पाहुणे आणायचेच तर मोठ्या नावाचे हवे होते. कर्ट कोबेनने आणले कोण, तर मीट पपेट्सचे कर्कवुड बंधू, जे त्या चॅनलच्या हिशोबाने कोणीच नव्हते. चौदा गाण्यांतली सहा दुसऱ्यांची, त्यात या भावांचीच तीन, आणि ज्या गाण्यासाठी जग निर्वानाला ओळखत होतं ते 'टीन स्पिरिट' वाजवलंच नाही! आज त्या शोमधलं काय आठवतं लोकांना? बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड', शेवटचं लेड बेलीचं, आणि ते मीट पपेट्सचं 'लेक ऑफ फायर'. यातलं एकही मागायचं कुठल्या फॅनच्या डोक्यात आलं नसतं, अर्ध्यांना ती गाणी माहीतच नसावीत.

म्हणून मला फिश या बँडचं फार कौतुक आहे, कारण त्यांनी या हौसेचा आख्खा सण करून टाकला. हॅलोवीनच्या रात्री लोक वेष बदलतात ना, तर हे म्हणाले आम्ही दुसऱ्या बँडचा वेष घालणार, म्हणजे त्यांचा अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार. १९९४ साली फॅनकडून पोस्टाने मतं मागवली आणि बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' वाजवला, पुढच्या वर्षी परत मतं, द हूचा 'क्वाड्रोफेनिया'. १९९६ मध्ये टॉकिंग हेड्स. फॅन लोकांना यातून अंदाज बांधायचं जे व्यसन लागलं ते लागलंच. १९९८ चा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. हॅलोवीनला लास वेगासमध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा अल्बम झाला, झालं, यंदाचा बार उडाला असं समजून बरीच मंडळी घरी गेली, आणि दोन दिवसांनी युटामध्ये, हॉल धड भरलेलाही नाही, कोणाला काही न सांगता यांनी पिंक फ्लॉइडचा आख्खा 'डार्क साइड ऑफ द मून' वाजवून टाकला. त्या घरी गेलेल्यांपैकी कोणी मला भेटलाच तर मी विषय काढणार नाही.

आणि २०१८ मध्ये तर कहर. त्या हॅलोवीनला दारात जे पुस्तक वाटलं त्यात लिहिलेलं की आज आम्ही कास्वोट वॅक्स्ट नावाच्या एका विसरल्या गेलेल्या स्कँडिनेव्हियन बँडचा १९८१ चा अल्बम वाजवणार. सोबत त्या बँडचा इतिहास वगैरे. लोक डोकं खाजवतायत, असा बँड होता का, आपल्याला कसा माहीत नाही, जाणकार म्हणवणारे मान डोलावतायत. तसा बँड नव्हताच! सगळी गाणी यांनी स्वतः नवीन लिहिलेली. चोवीस वर्षं फॅन 'यंदा कोणाचं वाजवणार' विचारत होते, त्याला याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

ड्रीम थिएटरनेही अख्खे अल्बम वाजवलेत, एका शहरात दोन रात्री असल्या की दुसऱ्या रात्री. २००२ मध्ये मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', मग आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट'. पण त्यावर कुरकुरही झाली, काही जण म्हणाले आम्ही तुमची गाणी ऐकायला पैसे भरले होते. हेही बरोबरच आहे म्हणा. तोंडात साखर आणि वर तक्रार, फॅनला दोन्ही जमतं.

मग बाकीचे बँड असं का करत नाहीत? फॅनला वाटतं हक्कांची भानगड असेल. ती नसते. हॉल किंवा आयोजक गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना, म्हणजे अमेरिकेत एस्कॅप, ब्रिटनमध्ये पीआरएस, या दोन्ही १९१४ सालच्या, ठरलेली फी भरतात आणि स्टेजवर कोणी कोणाचं गाणं वाजवावं यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. भानगड सुरू होते ती त्याचा व्हिडिओ विकायला काढला की. किंवा प्रिन्ससारखा माणूस असला की. २००८ मध्ये कोचेला फेस्टिव्हलला प्रिन्सने रेडिओहेडचं 'क्रीप' गायलं, लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ टाकले, आणि प्रिन्सच्या बाजूने ते पटापट काढायला लावले. रेडिओहेडच्या थॉम यॉर्कला हे कळलं तेव्हा त्याचं म्हणणं, गाणं आमचं आहे, राहू द्या की. ज्याचं गाणं तो तयार, ज्याने उधार घेतलं तो नाही!

खरी अडचण साधी आणि कंटाळवाणी असते. मोठ्या शोमध्ये लाइट, मागचा स्क्रीन, धूर, आगीचे लोळ सगळं आधीपासून प्रोग्रॅम केलेलं असतं, बऱ्याचदा ड्रमरच्या कानात वाजणाऱ्या क्लिकला, म्हणजे ठेका मोजणाऱ्या टकटकीला बांधलेलं, मधेच अनोळखी गाणं घुसवलं तर लाइटवाला बिचारा काय करणार. मग ट्यूनिंग. एका बँडच्या गिटारी दोन-अडीच सूर खाली लावलेल्या, दुसऱ्याचं गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमधलं, म्हणजे वेगळी गिटार आणा किंवा गाणं खाली उतरवा, आणि खाली उतरवलं की गायकाचा आवाज जिथे चमकायला हवा तिथे तो पुटपुटतो. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे प्रॅक्टिस. टूरवरच्या लोकांना झोप मिळाली तरी पुष्कळ.

त्यामुळे ही इच्छा पुरी होते ती बऱ्याचदा नको त्या कारणाने, म्हणजे कोणीतरी गेलं की. ४ मे २०१२ ला बीस्टी बॉइजचा अ‍ॅडम यॉक गेला आणि त्याच रात्री हॉलिवूड बोलमध्ये कोल्डप्लेने त्यांचं 'फाइट फॉर युअर राइट' पियानोवर संथ करून गायलं. सुंदर झालं. पण हे असं ऐकायला मिळावं म्हणून कोण बोर्ड घेऊन उभा राहील?

म्हणूनच ५ जुलै २०२५ चा बर्मिंगहॅमचा कार्यक्रम मला फार मोठा वाटतो. ब्लॅक सॅबाथचा निरोपाचा शो, व्हिला पार्क स्टेडियम, आणि आधी येणाऱ्या बँडनी आपली गाणी वाजवायची आणि सोबत सॅबाथचं किंवा त्यांचा गायक ऑझी याचं. जन्मभर ज्यांच्या रिफ, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या ओळी, उचलल्या त्या माणसांसमोरच त्या वाजवायच्या. फॅन लोकांनी महिनाभर आधीपासून जोड्या लावलेल्या, मेटॅलिकाला 'आयर्न मॅन' द्या, याला 'पॅरॅनॉइड' द्या. मेटॅलिकाने काढलं काय तर 'होल इन द स्काय' आणि 'जॉनी ब्लेड'! 'जॉनी ब्लेड' म्हणजे सॅबाथच्या कट्टर लोकांतही ज्यावर भांडणं होतात त्या अल्बममधलं. तिथे मला कळलं की हे लोकसुद्धा आमच्यासारखेच पोरवयात खोलीत बसून कडेची गाणी घोळवणारे. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

५ जुलैच्या त्याच शोमध्ये टूल या बँडने सॅबाथचं 'हँड ऑफ डूम' वाजवलं आणि माझा जुना किडा परत वळवळला. माझी फर्माईश अशी, टूलने किंग क्रिमझन या जुन्या बँडचं 'स्टारलेस' वाजवावं. १९७४ च्या 'रेड' अल्बममधलं, बारा मिनिटांहून मोठं. पहिली काही मिनिटं गाणं, मेलोट्रॉन हा जुना कीबोर्ड, सगळं उदास आणि मऊ. मग गायक गप्प होतो आणि बास एकटा तेरा मात्रांचं एक चक्र धरतो, आणि त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच सूर. तोच. परत तोच. ड्रमर इकडे तिकडे टकटक करतोय, कुठे लाकडावर, कुठे झांजेवर. मग तो सूर हळूच एक पायरी चढतो, परत तिथेच मुक्काम, आणि असं करत करत तीन-चार मिनिटांत तुमची मान आखडते, आणि मग एकदम सगळं दुप्पट वेगाने फुटतं आणि सॅक्सोफोन घुसतो.

हे टूलसाठीच केलेलं आहे, मी लिहून देतो. विषम मात्रा म्हणजे त्यांचं रोजचं जेवण, 'लॅटरलस' मध्ये नऊ-आठ-सात असं मोजत बसावं लागतं. २००१ मध्ये दोन्ही बँडनी एकत्र शो केलेत, म्हणजे ओळखपाळख आहे. लेड झेपेलिनचं 'नो क्वार्टर' टूलने वाजवलंय, म्हणजे कव्हरचं, दुसऱ्याचं गाणं वाजवण्याचं, वावडंही नाही. आणि २०२४ मध्ये टूलचा ड्रमर डॅनी केरी खरंच क्रिमझनची गाणी वाजवायला टूरवर निघाला, एड्रियन बेलू, टोनी लेव्हिन आणि स्टीव्ह वाय यांच्यासोबत, बीट नावाने. बातमी वाचून मी खुर्चीतून उठलो. पुढे वाचलं तर ऐंशीच्या दशकातले तीन अल्बम घेतलेत. बसलो परत.

तरी हिशोब अजूनही जुळतो. गायक मेनार्ड तसाही शोमध्ये मागे अंधारात ड्रमशेजारी उभा असतो, इथे मधली कित्येक मिनिटं त्याला गायचंच नाहीये, खूश होईल. अडतं ते सॅक्सोफोनपाशी. माझं मत, टूलचा गिटारिस्ट अ‍ॅडम जोन्सने तो भाग गिटारवर काढावा. एक मित्र म्हणतो बासवाल्या जस्टिनने बासला डिस्टॉर्शन, म्हणजे खरखरीत आवाजाचा इफेक्ट, लावून वाजवावा, त्याच्या बासला तसाही गळा आहे. अरे पण त्या तेरा मात्रा मग धरणार कोण?