उजवीकडची सीट

मी विमानांचा मेकॅनिक. माझी अर्धी नोकरी विमानाच्या पंखाला तोंड लावण्यात गेली. खोटं नाही सांगत. सेसना १५२ या दोन माणसांच्या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. त्यावर स्वच्छ रुमाल धरायचा, ओठ टेकवायचे आणि हवा ओढायची. आतून बाजाच्या पेटीसारखा रडका सूर निघाला की स्टॉल हॉर्न, म्हणजे पंख हवेवरची पकड सोडायच्या जरा आधी वाजणारा भोंगा, ठीक आहे असं समजायचं. रुमाल विसरलात, तर कुंभारमाशीनं तिथं लिंपलेली माती थेट तोंडात. मी खाल्ली आहे.

हे आठवलं भाच्यामुळे. तो पेंचकडे वनरक्षक आहे. मागच्या रविवारी सोमलवाड्याला घरी आला आणि तर्रीपोहे खाता खाता म्हणाला, "मामा, आमचं ड्रोन अर्ध्या तासात बॅटरी टाकते. वणव्याच्या दिवसात तुमचं ते छोटं विमान काऊन नाही फिरवत कोणी?"

प्रश्न बरोबर आहे. १५२च्या टाक्यांत ९८ लिटर पेट्रोल मावतं आणि तासाला जळतं साधारण २२-२३ लिटर. म्हणजे राखीव धरूनही तीन तास हवेत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून पेंचचं जंगल अर्ध्या तासावर. पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. धुराची रेघ, जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा) कुठं तुटली, आग कुठल्या नाल्यापर्यंत आली, हे एका फेरीत कळतं. पाइपलाइन आणि विजेच्या तारांवर नजर ठेवायला जगभर अशीच छोटी विमानं वापरतात.

रात्री चोरून शिकार करणाऱ्याला शोधायला मात्र ती बेकार. तिथं तुमचं उष्णता टिपणारं ड्रोनच बरं. आणि विमानाचा आवाज दोन कोसांवरून ऐकू येतो.

"मग काय फायदा?" भाचा म्हणाला.

कधी कधी लपून न राहण्याचाच फायदा असतो बापा. १९४२ साली जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जहाजं बुडवत होत्या. तेव्हा सिव्हिल एअर पेट्रोल या स्वयंसेवी संघटनेतले साधे नागरिक आपापली एका इंजिनाची विमानं घेऊन समुद्रावर घिरट्या घालायचे. सुरुवातीला त्यांच्याकडे शस्त्रच नव्हतं. पण पाणबुडीवाल्याला ते कुठं माहीत? विमान दिसलं की तो बुडी मारायचा, आणि पाण्याखाली त्याचा वेग मार खायचा. तेवढ्यात जहाज निसटायचं.

आता दुसरी बाजू. वणव्याचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते जून, आणि नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. पण ४५ अंशांत हवा इतकी पातळ होते, की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवरून उडतोय. ११० अश्वशक्तीचं इंजिन, दोन माणसं, भरलेल्या टाक्या. चढता चढत नाही. दुपारी गरम हवेचे गोळे असे उसळतात की पोटातले पोहे परत दिसावेत. त्यात घारी आणि गिधाडं. आजच्या टांझानियात, सेरेंगेटीत, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या डॉर्निअर २७ मधून जनावरं मोजायचे. जानेवारी १९५९ मध्ये मायकेलच्या विमानाला गिधाड धडकलं. तो वाचला नाही.

पण मला खरी भीती पक्ष्याची नाही, बघण्याची आहे.

नागपूरबाहेर एका छोट्या क्लबात होतो तेव्हाची गोष्ट. पाटाच्या पाण्यात रात्रीतून मोटारी टाकून पाणी ओढतात, म्हणून पाट वरून बघायचा होता. ऐनवेळी बघणारा माणूस आला नाही. उजव्या सीटवर मला बसवलं. मला इंजिनाचं कळतं, पाटाचं काय कळणार! मी पाट सोडून ऑइल प्रेशरचा काटा बघत बसलो. शेवटी वैमानिकालाच एका बाभळीखाली डिझेल पंप दिसला. त्यानं विमान डावीकडे कलवलं, मान वाकडी करून खाली बघत गोल घेतला. नीट दिसेना म्हणून आणखी कलवलं. वारा पाठीमागून होता. जमीन भराभर सरकत होती, त्यामुळे वेग चांगला आहे असंच वाटत होतं.

आणि पंखातून तो रडका सूर आला. माझ्या रुमालातला.

सपाट उडताना ज्या वेगाला पंख हवेवरची पकड सोडतो, तो वेग ४५ अंश कलल्यावर १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. आणि हॉर्न वाजतो तो पकड सुटायच्या फक्त पाच-दहा नॉट आधी. खाली पाचशे-सहाशे फूट उरले असताना हा फरक फार लहान असतो. वैमानिकानं नाक खाली दाबलं, पंख सरळ केले, आणि परत येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. अलास्कात याला मूस स्टॉल म्हणतात, कारण तिथले वैमानिक मूस नावाचं सांबरासारखं जनावर बघत गोल फिरता फिरता पडतात.

म्हणून भाच्याला म्हटलं, विमान मिळेल, पेट्रोलही मिळेल. पण एकानं फक्त उडवायचं आणि दुसऱ्यानं फक्त बघायचं, ही शिस्त कुठून आणशील? उजवीकडे बसणाऱ्याला जंगल पाठ पाहिजे, नाहीतर तो माझ्यासारखा काटे बघत बसतो. तटरक्षक दलाच्या डॉर्निअर २२८ मध्ये पोटाखाली रडार आहे, तरी त्याच्या पडद्यासमोर वेगळा माणूस बसवतात. उगाच नाही.

परवा रात्री त्याचा मेसेज आला. टेहळणी मनोऱ्यावरचा फोटो, चुलीवर काळंकुट्ट भगोनं. खाली लिहिलं होतं: "मामा, आम्ही बी दोघंच असतो. एक बघते, एक चहा करते."