आमच्या सड्यावरचे कातळशिल्प

राजापूर तालुक्यातील आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रे आहेत, असे आजी सांगत असे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून कातळशिल्पे, म्हणजे कातळात खोदलेली चित्रे, शोधत असल्याचे वाचले, तेव्हा ती गोष्ट पुन्हा आठवली, आणि दसऱ्यानंतर गवत वाळताच एका वयस्कर गुराख्याला सोबत घेऊन मी सडा चढलो. त्यांनी काठीने एक जागा दाखवली. उघड्या जांभ्यावर गवत विरळ असते, पण इथे ते वळणदार रेघेत दाट उगवले होते, कारण खोदलेल्या खोबणीत माती साचली होती.

पहार, कुदळ किंवा खडू वापरायचा नाही, हे मी आधीच विचारून घेतले होते. खराटा आणि मऊ कुंचला एवढ्यावरच दोन सकाळी गेल्या. तिरप्या उन्हात प्रथम लांब शेपटी दिसली, मग रुंद, पसरट अंग. पाकट मासा होता तो. दोन बोटे खोल रेघेवरून हात फिरवताना माझ्या अंगावर काटा आला.

मोजमाप, दिशा, छायाचित्रे, अक्षांश-रेखांश यांची नोंद एका दिवसात झाली. खरा वेळ गेला तो संमतीला. सातबारावर अकरा नावे, त्यांतील बहुतेक मुंबईत, आणि एका चुलतभावाचे चिरेखाणीसाठी बोलणे जवळजवळ ठरलेले. चिरे कापणारे यंत्र सड्यावर आले असते, तर शिल्प काही तासांत गेले असते. तरीही त्याला मी दोष देत नाही; कातळावर दुसरे उत्पन्न नाही. गणपतीत सगळे गावी आले, तेव्हा मी त्यांना कशेळीला नेले. तिथला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले असंख्य प्राणी पाहून भाऊ बराच वेळ गप्प उभा होता. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे अशी कोकणातील 9 ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत, हेही मी त्याला सांगितले.

दिवाळीपर्यंत अकराही सह्या झाल्या. खाणीचा विषय तूर्त थांबला असून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. शिल्पाभोवती आम्ही सुट्या दगडांचा गडगा घातला. त्याचा पहिला दगड भावाने ठेवला.