चिमणीवाली मातीची शेगडी: ग्वाल्हेरच्या थंडीतला माझा अनुभव

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. डिसेंबर सरत आला की धुकं उतरतं, दुपार झाली तरी सूर्याचा पत्ता नसतो आणि रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर येऊन बसतो. त्यात शहराच्या लष्कर भागातली आमची जुनी घरं दगडी. उन्हाळ्यात ज्या भिंतींचं आपण कौतुक करतो, त्याच जानेवारीत गारठा धरून बसतात. म्हणून इथे घरोघरी शेगडी, नाहीतर अंगीठी.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, निजायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची जन्माची सवय. मला मात्र त्या शेगडीची मनापासून भीती वाटायची. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत एक तरी बातमी येते: बंद खोली, रात्रभर पेटलेली अंगीठी, सकाळी तोडावं लागलेलं दार. आपल्याकडे समज असा की निखारे फुलले, धूर संपला, की शेगडी आत न्यायला हरकत नाही. धोका नेमका तिथेच आहे. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. जाग्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. झोपलेल्याला तेही कळत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली तर पुरे, असं बरेच जण म्हणतात. पुरत नाही.

वादावादी करून अण्णांची शेगडी सुटली नसती. त्यांना ऊब तर हवीच होती, पण समोर आगही हवी होती. मग ठरवलं की खोलीत तेलाचा विजेवरचा हीटर लावायचा आणि आग अंगणात न्यायची, पण नीट, बसण्यासारखी. तिथून शोध सुरू झाला.

उघड्यावर नुसती शेकोटी पेटवली तर धूर तोंडावर येतो आणि पाठ गारच राहते. शिवाय आमच्या शहराच्या हवेची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रदूषित शहरांची जी यादी काढली, तिच्यात ग्वाल्हेर अगदी वर होतं. कचरा, टायर, ओलं लाकूड जाळून त्यात भर घालायची माझी तयारी नव्हती. मला कमी लाकडात जास्त आच देणारं काहीतरी हवं होतं. मेक्सिकोत मातीची एक चूल आहे, चिमिनिया म्हणतात तिला: खाली फुगीर पोट, पुढे तोंड, वर निमुळती चिमणी. चिमणी तापली की गरम हवा वर चढते, तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते, लाकूड स्वच्छ जळतं आणि धूर डोक्यावरून निघून जातो. समोर बसणाऱ्याला फक्त आच मिळते.

पत्र्याची आणि बिडाचीही मिळते. पत्रा लगेच तापतो, लगेच निवतो, पावसाळ्यात गंजतो आणि नातवंडांचा हात लागला तर चटका जबर. बीड टिकाऊ, पण मला ते उचलवणार नव्हतं आणि तेही सडकून तापतं. माती हळू तापते आणि आग विझल्यावरही तासभर ऊब देत राहते. बाहेरून तीही भाजतेच, हे विसरून चालणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसायला मातीची आच मला सगळ्यांत सौम्य वाटली. ऑनलाइन दिसणाऱ्या तयार नगांची वाहतूकच महाग, आणि वाटेत मान तुटली तर काय, ही धास्ती वेगळी. शेवटी तंदूर करून देणाऱ्या एका कुंभारदादांकडे गेले.

त्यांनी असली वस्तू आधी केली नव्हती, पण चित्र पाहताच पहिला प्रश्न जाडीचा विचारला. मी म्हटलं, जाड करा, म्हणजे फुटणार नाही. ते म्हणाले, "अंदर की दीवार फूलेगी, बाहर की ठंडी रहेगी, तो फटेगी ही। मोटाई से नहीं, मिट्टी से बचेगी।" आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंड असल्यामुळे तिला आवळून धरते, आणि या ओढाताणीत तडा जातो. जाडी वाढली की आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक उलट वाढतो. म्हणून साधारण इंचभर जाडी ठरली, आणि मातीत भाजलेल्या मडक्यांचा भुगा, भाताचं तूस आणि लीद. भुगा आधीच भाजलेला असल्याने पुन्हा आकसत नाही. तूस नि लीद आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जातात आणि बारीक पोकळ्या राहतात. सुरू झालेला तडा अशा पोकळीपाशी येऊन थांबतो.

चिमणी वेगळी करायची कल्पनाही त्यांचीच. तयार नगांत पोट आणि मान एकजीव असतात आणि बहुतेक तडे त्या मानेलाच जातात, कारण तिथे आकार एकदम बदलतो. आमच्या शेगडीच्या पोटावर गोल कड आहे आणि चिमणी त्या कडेत नुसती बसते. दोघं आपापल्या परीने फुगतात, आकसतात. हलवतानाही दोन तुकडे, त्यामुळे मानेला धरून उचलायचा प्रश्नच येत नाही.

घेताना काय बघायचं, ते आपल्या आज्या माठ घेताना बघायच्या तेच. टिचकी मारायची. नीट भाजलेली वस्तू खणखणीत वाजते, आतून तडा असेल तर आवाज बद्द येतो. एका ठिकाणी वाजवून भागत नाही. पोट चारी बाजूंनी, तोंडाची कड आणि मानेची कड, सगळं वाजवून घ्यावं. तोंडाच्या कडेला ओठासारखी जाड पट्टी हवी, कारण लाकूड तिथेच आपटतं. आतून-बाहेरून तेलरंग दिलेली, चकचकीत वस्तू मी तरी घेणार नाही: रंग जळतो, त्याचा धूर छातीत जातो आणि खालचे तडे झाकलेले असतात. गेरू चालतो.

जागेवर मी बराच विचार केला. आमच्या वाड्याचा चौक दिसायला सुंदर, पण चारी बाजूंनी खोल्या. तिथे वारा घुमतो आणि धूर, वायू सगळं खिडक्यांतून आत येणार. म्हणजे पुन्हा तेच. गच्चीवर पाण्याची प्लास्टिकची टाकी आणि शेजाऱ्यांच्या तारा. म्हणून मागचं अंगण. भिंतीपासून दहा फूट, वर छप्पर नाही, फांदी नाही, कपड्यांची दोरी नाही. खाली आमची फरशी वालुकाश्माची आहे, आणि ओला दगड एकदम तापला तर त्याचे टवके उडतात. म्हणून विटांचा थर देऊन त्यावर वेल्डरकडून करून घेतलेली बसकी लोखंडी तिवई ठेवली. तिवईचे पाय पोटापेक्षा बाहेर पसरलेले हवेत, नाहीतर मुलांच्या धक्क्याने कलंडायची. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. चिमणीच्या टोकाला बारीक तारेची जाळी, ठिणग्यांसाठी.

आत तळाशी वाळू भरायची, तोंडाच्या कडेखाली तीन-चार बोटं राहतील इतकी. निखारा थेट मातीच्या तळावर पडू नये म्हणून ही गादी. वाळू आधी उन्हात खडखडीत वाळवावी. नदीतले गोटे मात्र घालू नयेत. त्यांच्यात मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की गोटा फुटतो आणि कपच्या उडतात.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग: पहिल्या आगी. नवी शेगडी कोरडी दिसली तरी तिच्या अंगात पाणी असतं, आणि ती आली तेव्हा आमच्याकडे धुक्याचे दिवस होते. कुंभारदादांनी बजावलं होतं की पहिल्या दिवशी लाकूड नाही, फक्त अर्धी गोवरी आणि मूठभर काटक्या. तशी आग पेटवून मी शेजारी बसले. थोड्या वेळाने पोटाच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, ओल्या मातीसारखा गडद डाग उमटला. आतली ओल बाहेर येत होती. हात लावला तर भिंत कोमट आणि दमट. डाग हळूहळू वर सरकला, मानेपाशी थांबला, कडेने फिकट होत गेला. तेवढ्यावर मी आग वाढवली नाही. आपोआप विझू दिली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शेगडीला हात लावला नाही. पुढच्या वेळी एक गोवरी, मग दोन बोटं जाडीची काटकी, मग मनगटाएवढं लाकूड. अशा साधारण पाच-सात वाढत्या आगी द्याव्यात, आणि प्रत्येक दोन आगींमध्ये ती पूर्ण निवू द्यावी. डाग उमटायचा बंद झाला की ओल गेली असं समजावं.

अण्णांना हे सगळं फार लांबण वाटत होतं. "सूनबाई, आग आहे की बाळंतीण?" असं म्हणाले. मी त्यांना कारण सांगितलं. मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात. 573 अंश सेल्सिअसला त्यांची रचना बदलते आणि ते अचानक फुगतात, निवताना त्याच ठिकाणी अचानक आकसतात. लाल निखारा त्या तापमानाच्या वर असतो. भडका घाईने उठवला किंवा तापलेल्या शेगडीवर पाणी ओतलं, तर मातीला सावरायला वेळच मिळत नाही. अण्णा जुने विज्ञानशिक्षक, त्यांना हे पटलं. तेव्हापासून आग किती मोठी, यावर माझ्यापेक्षा त्यांचीच नजर जास्त.

रोजची पद्धत आता बसली आहे. चिमणी थंड असते तोवर धूर तोंडातूनच येतो, म्हणून आधी सुकी पानं-काटक्या मागच्या बाजूला पेटवून चिमणी तापवायची. ओढ लागली की आवाज बदलतो, धूर वर वळतो. मग बाभळीची बारीक फाडलेली लाकडं, एका वेळी दोन-तीनच, पूर्ण आत मावणारी. दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर टणटणीत वाजायला हवीत; ओलं लाकूड थप्प वाजतं आणि फक्त धूर देतं. चिमणीच्या टोकातून ज्वाळा दिसली तर आग प्रमाणाबाहेर गेली, नवं लाकूड बंद. कोळसा मी घालत नाही, त्याची धग एकाच जागी साठून राहते. प्लायवूड, रंगवलेलं दार, मोडक्या खुर्चीचे तुकडे हे तर मुळीच नाही. त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो. पेट्रोल, रॉकेल यांचं नाव काढायचं नाही, विझत आलेल्या आगीवर तर कधीच नाही.

बसताना शालीचे पदर आणि नायलॉनच्या ओढण्या सांभाळाव्या लागतात. आमच्याकडे सगळ्या बायका शालीची टोकं कमरेला खोचूनच बसतात. वाळूची बादली हाताशी असते आणि आग पेटलेली असताना एक मोठं माणूस अंगणात असतंच. विझवायची झाली तर वाळू टाकून. रात्रीची राख चाळवली तर सकाळीसुद्धा आत लाल कण सापडतात, म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून दोन दिवस बाहेर ठेवते, मगच कचऱ्याच्या गाडीत. आणि कितीही गारठा असो, निखारे उरलेत म्हणून शेगडी ओसरीत घ्यायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात पोटावर केसाएवढी चीर दिसली. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली. खुणा ओलांडून ती पुढे गेली नाही, म्हणून तशीच वापरते आहे. वाढली असती तर भट्टीच्या सामानाच्या दुकानातली फायर क्ले भरली असती. साधं सिमेंट आगीत टिकत नाही. चिरेतून पलीकडचा उजेड दिसायला लागला, तर मात्र तिची कुंडी करून टाकायची.

इथे पाणी गोठून माती फुटण्याची वेळ फारशी येत नाही, पण धुकं आणि दव रोजचं. संध्याकाळी निवल्यावर गोणपाट आणि वरून ताडपत्री. गरम असताना झाकायचं नाही. रात्रभर उघडी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काटक्यांच्या छोट्या आगीने सुरुवात. पावसाळ्याआधी वाळू काढून दोन्ही तुकडे पडवीत ठेवायचे.

कुणाला करवून घ्यायची असेल, तर एक सांगते. दिवाळीपर्यंत कुंभार पणत्यांत बुडालेले असतात आणि डिसेंबरच्या धुक्यात कच्चा माल वाळत नाही. दिवाळी झाली की लगेच सांगून ठेवा. तेव्हा कडक ऊन असतं, माती सावकाश आणि पुरती वाळते, आणि पहिल्या आगींनाही कोरडे दिवस मिळतात.