दिसते थाप, वाजते काडी

"हाऊ मना हात नही, भो," आप्पा म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले.

टीव्हीवर आप्पांचाच हात होता. मनगटात चांदीचं कडं, अंगठ्याखाली विळ्याचा जुना वण. तोच हात डफावर पडत होता. नातसून कळण्याच्या भाकरी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मला वाटलं, म्हाताऱ्याला पडद्यावर स्वतःला बघायची सवय नाही, म्हणून बोलत असेल. पण आप्पा हसत नव्हते.

"हात मनाच शे," ते जरा थांबून म्हणाले. "पन थाप मनी नही. आवाज काडीना आनि दिसस थाप."

अमळनेरात माझा एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, अधूनमधून अहिराणी गाणी. हे काम मात्र पैशासाठी घेतलं नव्हतं. तालुक्यातल्याच एका गावात श्रावणात कानबाई देवीच्या रात्री चौकात वहीगायन, म्हणजे डफावरची आपली खानदेशी गाणी, झालं होतं. सुरतेला कामाला असलेली निम्मी भावकी त्यासाठी गावी आली होती. आप्पा डफावर. घरच्यांना त्याची नीट फिल्म हवी होती.

शूटिंग तीन ठिकाणांहून झालं. माझा कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, म्हणजे सेकंदात 25 चित्रं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिव्यांची लुकलुक तिच्याच तालावर, म्हणून मी रात्रीच्या कामाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 (प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) यापलीकडे जात नाही. मदतीला आलेल्या पोराने कोणाचं तरी ऐकून 60 फ्रेम आणि 1/60 शटर लावलं होतं. त्याच्या चित्रात ट्यूबलाइटखाली काळे पट्टे वर सरकत होते. पुन्हा 60 पंचविसात बसवायचे तर दर अडीचेक फ्रेममागे एक घ्यायची, कधी दोन फ्रेमचं अंतर, कधी तीनचं. डोक्यावर कानबाई घेऊन नाचणारी बाई लचकत नाही, अडखळते. ते जवळजवळ सगळं मी टाकून दिलं. तिसरा होता आप्पांच्या पुतण्याचा मोबाइल. तो थेट डफासमोर मांडी घालून बसला होता, हाताचे जवळचे सगळे शॉट त्याचेच. आधी त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं, ते अगदीच चेपलेलं. मग सुरतेची गाडी पकडायच्या आधी त्याच्याकडून मूळ फाइल काढून घेतली. चौदा मिनिटांची एकच सलग क्लिप.

सॉफ्टवेअरने त्या क्लिपपुढे फ्रेम रेट दाखवला 29.97. तिथेच मी फसलो. हा आकडा आम्हाला इतका ओळखीचा की त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. अमेरिकेत 1953 साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा सेकंदाच्या 30 फ्रेमच्या किंचित कमी, 29.97 झाल्या, आणि ते शेपूट आजतागायत जगभरच्या कॅमेऱ्यांत आहे. पंचविसाच्या टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, ते आलं की साधारण दर सहावी फ्रेम गळते, हलक्या झटक्यापलीकडे काही बिघडत नाही. असं शंभरदा केलंय.

आवाजासाठी डफापासून दोन हातांवर वेगळा रेकॉर्डर होता. मोबाइलचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज, दोन्हींच्या लाटा एकमेकींवर बसवल्या. पहिल्या थापेला जुळल्या, शेवटच्या गजराला जुळल्या, मधेही जुळल्या. सुरुवात आणि शेवट चित्रासकट बघितले, चोख होते. मधे एक्केचाळीस ठिकाणी हाताचे शॉट पेरले आणि पेन ड्राइव्ह घेऊन गावी गेलो.

आणि आप्पा म्हणत होते, थाप माझी नाही.

मी रिमोट घेऊन तो शॉट परत लावला. चारदा बघितला. हात पडतो, आवाज येतो. मला लयीत वाटत होतं. आप्पांनी भाकरी बाजूला सारली, भिंतीवरचा डफ काढला आणि मला समोर बसवलं. उजव्या हाताची थाप भरदार, घुमते. डाव्या हातातल्या बारीक काडीची टिचकी कोरडी, कडक. एक थाप, एक काडी, एक थाप, एक काडी. मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर पंजा पडत होता आणि स्पीकरमधून टिचकी येत होती.

लाज वाटली. पंधरा वर्षं कापाकापी करतोय, आणि आवाज कुठल्या हाताचा हे मला ऐकू आलं नव्हतं. लय सारखी होती ना! त्या शॉटमध्ये चित्र बरोब्बर एका ठोक्याने मागे पडलं होतं, त्यामुळे हात प्रत्येक वेळी कुठल्यातरी ठोक्यावर पडतच होता, फक्त चुकीच्या. एखाद्याचं भाषण असतं तर ओठ आणि आवाज वेगळे पडलेले लगेच दिसले असते.

रात्रीच मोटारसायकलने परत आलो. फ्रेम मोजल्या. सातव्या मिनिटाला चित्र दहा फ्रेम मागे, म्हणजे 0.4 सेकंद. नवव्याला तेरा. बाराव्याला सतरा. आणि शेवटी शून्य! आधी रेकॉर्डरवर संशय घेतला, पण रेकॉर्डरचं घड्याळ चुकत असतं तर लाटा फाटल्या असत्या. शिवाय इथे आवाज आधी येत होता, हात मागून. बोरीच्या पात्रात धुणं आपटणारी बाई लांबून बघा, आधी हात दिसतो, धप्प मागून येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पंचविसातल्या एका फ्रेमच्या वेळात तेरा-चौदा मीटर. उशिरा आलेला आवाज कान चालवून घेतात, सवय असते. आधी आलेला आवाज निसर्गात कुठेच नसतो.

मग चित्र आवाजापासून तोडलं आणि त्याला सक्तीने 30 फ्रेम लावल्या. वहीचा सगळा भाग एकदम जुळला. थापेला थाप, काडीला काडी. मी खुर्चीतून उठलोच. पण पुढे शेवटचा गजर फाटला, आता चित्र पुढे पळत होतं. जिथून फाटलं ती जागा शोधली. तेरावं मिनिट.

तेराव्या मिनिटाला काय होतं? पावसाळी हवेने डफाचं कातडं सैल पडलं, म्हणून मंडळी तो शेकायला हॅलोजनपासून लांब कोपऱ्यात गेली होती. पुतण्या मोबाइल घेऊन मागे. कागद पेटून जाळ व्हायच्या आधी चार सेकंद नुसता काळोख.

फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये ती उघडली, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. फ्रेम रेटचा प्रकार: व्हेरिएबल, म्हणजे बदलता. उजेड कमी झाला की काही मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात, आणि मग सेकंदात फ्रेम कमी बसतात. या मोबाइलने त्या चार सेकंदांत सेकंदाला 30 ऐवजी 24 च घेतल्या. चोवीस फ्रेम कमी. आता चौदा मिनिटांच्या हिशोबात भागाकार करा: 25,176 भागिले 840, उत्तर 29.97! अमेरिकेच्या त्या आकड्याशी याचा काडीचा संबंध नव्हता. ती नुसती सरासरी होती, योगायोगाने तीच निघाली. माझ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीने सगळ्या फ्रेम त्या सरासरीने एकसारख्या पसरल्या. उजेडातलं चित्र किंचित हळू चाललं, तेराव्या मिनिटापर्यंत पाऊण सेकंद मागे पडलं, आणि काळोखातल्या चार सेकंदांत धावत येऊन परत जागेवर. टोकं तपासणाऱ्याला ते सापडणारच नव्हतं.

इलाज सोपा निघाला. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल 30 च्या स्थिर फ्रेम रेटवर काढून घेतली, काळोखात काही फ्रेम दुहेरी पडल्या, त्या कोणाला दिसतात! पण एक्केचाळीस शॉट परत एकेक करून बसवावे लागले, कारण नवीन फाइल जोडल्यावर प्रत्येकात हात थोडा पुढचा आला होता. पहाटे संपलं. या वेळी डोळे मिटून आधी आवाज ऐकला, थाप की काडी ते ठरवलं, मगच चित्र बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी परत गावात. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती, पडद्याबरोबर. दहाव्या मिनिटाच्या आसपास बोटं थांबली.

माझ्या पोटात गोळा आला. "आता काय, आप्पा?"

"आठे मी चुकनू," ते हळूच म्हणाले. दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "हाई काढता येई का?"

त्या जागी मी ओट्यावर पेंगणाऱ्या पोरांचा दोन सेकंदांचा शॉट टाकला. आवाज तसाच आहे, काडीच्या जागी थाप.