हौदावरचा साबण

१९७८ साली मी आठवीत असताना मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाबाहेर एक पिसाळलेले कुत्रे माझ्या पोटरीला चावले. जमलेल्यांपैकी कोणी जखमेत तिखट भरायला सांगत होते, तर कोणी चुना. परंतु शास्त्राच्या सरांनी मला हाताला धरून हौदावर नेले आणि शिपाईमामांकडून कपडे धुण्याच्या साबणाची वडी मागवून चांगली पंधरा मिनिटे जखम धुतली. ‘सर, साबणच का?’ असे मी रडत रडत विचारले, तेव्हा ‘कारण मला ठाऊक नाही, पण धुवायची असते,’ असे त्यांनी सरळ सांगितले.

पुढचे चौदा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात पोटात इंजेक्शने घेतली. (मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आता इतिहासजमा झाली आहे, हे बरेच झाले.) चावल्यावर दिलेली लस उपयोगी कशी पडते, हे सरांनी त्याच आठवड्यात वर्गात समजावले: रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत शरीर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार करू शकते. लक्षणे दिसू लागली की मात्र उपाय जवळजवळ उरत नाही.

सर या विषाणूला ‘सर्वांत लहान जीव’ म्हणत. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना ‘जीव’ या शब्दाशी मी बराच अडखळलो. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा कण इतका लहान, की एका मिलिमीटरात असे साडेपाच हजार कण एकापुढे एक मावतील. त्यात आरएनए या जनुकीय रेणूची सुमारे १२,००० अक्षरे आणि त्यांत अवघी पाच प्रथिने बनवण्याची कृती असते. प्रथिने बनवण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते. ती तो आपल्या पेशीची वापरतो. तो स्वतः चालतही नाही, चेतापेशीच्या आतली मालवाहतूकच त्याला मेंदूपर्यंत पोहोचवते. तिथे पेशींचा फारसा विध्वंस न करता तो त्यांचे काम बिघडवतो आणि मग लाळग्रंथींत उतरतो. घशाचे स्नायू आखडल्यामुळे रोग्याला पाणी गिळवत नाही, लाळ तोंडात साठते आणि चावणाऱ्या प्राण्याकडून विषाणूला पुढचा आसरा मिळतो.

साबणाचे उत्तर मला एम.एस्सी.ला सापडले. पेशीतून बाहेर पडताना हा विषाणू तिच्याच पटलाचा स्निग्ध तुकडा पांघरून निघतो आणि साबणाने ते पांघरूण विरघळले की तो निकामी होतो. दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम सरांच्या घरी जाऊन मी हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग पोलिओचाही विषाणू साबणाने मरतो का?’ त्याला असे स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे साबणाने तो फुटत नाही, हातावरून केवळ वाहून जातो, एवढे उत्तर मला सुदैवाने देता आले.