गार्चॉम्प अडवणारा सहावा गडी: माझा अनुभव

पोकेमॉन ब्रिलियंट डायमंड हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो, तुझ्या टीममध्ये मार झेलणारा कोण? मारणारे सगळ्यांकडेच असतात.

आठ बॅजपर्यंतचं (जिमच्या लढाया जिंकल्याचे बिल्ले) काही सांगत बसत नाही. एक्स्पी शेअर, म्हणजे लढाईचा अनुभव सगळ्या टीमला वाटून देणारी सोय, कायम चालूच असते, सहाही जणांची लेव्हल वाढत राहते आणि माणूस आरामात पोकेमॉन लीग या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतो. माझ्याकडे चिमचारपासून वाढवलेला इन्फर्नेप, गायराडोस, लक्सरे, रोझरेड, क्लेफेबल आणि स्टाराप्टर होते. फायर, वॉटर, इलेक्ट्रिक, ग्रास, फेअरी, फ्लाइंग. कुठलीही गाइड उघडा, बॅलन्स्ड टीम म्हणून अशीच यादी देतात.

लीगमधल्या चार तगड्या खेळाडूंपैकी, म्हणजे एलिट फोरपैकी, फ्लिंटबद्दल तेवढं सांगून ठेवतो. तो फायरवाला म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या पाचांत फायरचे दोनच, रॅपिडॅश आणि इन्फर्नेप. बाकी स्टीलिक्स, लोपनी, ड्रिफब्लिम. हा गेम ज्याचा रीमेक आहे त्या 2006 च्या मूळ गेममध्येही असंच होतं. तेव्हा नुसतं पाणी घेऊन जाऊ नका.

आणि मग सिंथिया, लीगची चॅम्पियन. चार लढाया ओळीने, मध्ये पोकेमॉन बरे करणारं सेंटर नाही, औषधं काय ती बॅगेतली. ते सगळं पार करून तिच्यासमोर उभं राहायचं, पाच पोकेमॉन पाडायचे आणि सहावा गार्चॉम्प बाहेर आला की दहा मिनिटांत सगळा खेळ संपायचा. परत पहिल्या खोलीपासून सुरुवात. डिचोलीहून पणजीला जाताना बसमध्ये हे असं कितीदा झालं असेल! उतरायचा स्टॉप आला तरी डोकं तिथेच. अजून आठवलं तरी चीड येते.

जो तो सांगतो, त्यात काय, तो ड्रॅगन-ग्राउंड टाइपचा आहे, बर्फाने चौपट लागतं, आइसचा एक फटका मारा. अहो, त्याच्या हातात ‘याचे’ नावाची बेरी असते! बर्फाचा पहिला जोरदार वार ती बेरी निम्म्यावर आणते. तो उभा राहतो, आणि मग त्याची पाळी. त्यातून त्याने स्वॉर्ड्स डान्स ही चाल केली तर अटॅक दुप्पट. लेव्हल 66, वेग असा की बहुतेकांच्या आधी तोच मारतो. म्हणजे ‘आइस आणा’ हा सल्ला अर्धाच आहे आणि अर्धाच सल्ला सगळे छातीठोकपणे देतात.

चवथीच्या सुट्टीत माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास) सामानाची यादी समोर पडली होती, तिच्या पाठीमागे मी त्याचे हल्ले लिहून काढले. अर्थक्वेक, ड्रॅगन क्लॉ, पॉइझन जॅब. एकेकाला काट मारत गेलो. फेअरीला ड्रॅगन लागत नाही, पण क्लेफेबलसाठी पॉइझन जॅब तयारच. उडणाऱ्याला अर्थक्वेक लागत नाही, पण बाकीचे दोन लागतात. स्टीलला विष लागत नाही, ड्रॅगन निम्मा लागतो, पण अर्थक्वेक जबर बसतो. मग जमिनीवर नसलेला स्टील कोण? ब्रॉन्झाँग! तिघांपैकी फक्त ड्रॅगन क्लॉ लागणार, तोही निम्मा. यादीवर त्या नावाभोवती मी गोल केला तेव्हा झालेला आनंद सिंथियाला हरवल्यावर झाला त्याहून कमी नव्हता.

मात्र ब्रॉन्झॉर (ब्रॉन्झाँगचं आधीचं रूप) पकडल्यावर त्याची अ‍ॅबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, बघा. लेव्हिटेट, म्हणजे हवेत तरंगणं, असेल तरच ठेवा. हीटप्रूफ निघाला तर या कामाला उपयोग नाही, दुसरा पकडा. कोरोनेट डोंगरात मिळतो, 33 लेव्हलला ब्रॉन्झाँग होतो.

स्टाराप्टरला मी जड मनाने बाहेर बसवलं. पण आपल्या गोव्यात हे कुणाला समजावून सांगायला नको, अकराही स्ट्रायकर घेऊन कुठली टीम मैदानात उतरते?

पुढे असं केलं. गार्चॉम्प आला की ब्रॉन्झाँगला उतरवून झोपवणारं हिप्नॉसिस. ते दहातल्या चार वेळा चुकतं, पण चुकलं तरी ब्रॉन्झाँग टिकतो. झोपला की गायरो बॉल हा हल्ला. समोरचा जितका चपळ आणि आपला जितका संथ, तितका हा जोरात बसतो. शेवटी गायराडोस, आइस फँग हा बर्फाचा चावा घेऊन. तो मैदानात येतानाच इंटिमिडेट या अ‍ॅबिलिटीने समोरच्याचा अटॅक उतरतो. बेरी आधीच खर्ची पडलेली असेल तर काम एका चाव्यात होतं.

फोंड्याचा भाचा शेजारी बसून सारखा म्हणत होता, “मामा, सेव्ह करून ठेव ना, हरलास तर परत लोड कर.” मला ते पटत नाही. चारही जणांना ओळीने हरवून जिंकायचं होतं आणि तसंच जिंकलो.

हो, सिंथियाच्या पहिल्या पोकेमॉनचं, स्पिरिटोंबचं राहिलंच. मूळ गेममध्ये त्याच्या घोस्ट-डार्क टाइपला कमजोरीच नव्हती, फेअरी टाइप 2013 साली आला. आता क्लेफेबलने सुरुवात करा आणि ब्रॉन्झाँगला त्याच्यासमोर चुकूनही काढू नका, घोस्ट आणि डार्क दोन्ही त्याला झोंबतात. तिच्या गॅस्ट्रोडॉनसमोर आपला रोझरेड. तिची मिलोटिक मुद्दाम स्वतःला हातातल्या फ्लेम ऑर्बने भाजून घेते, कारण भाजल्यावर मार्व्हल स्केल या अ‍ॅबिलिटीने तिचा डिफेन्स वाढतो. तिच्यावर दात-नखं वाया घालवू नका, लांबून मारणारे स्पेशल हल्ले वापरा. टर्टविग घेऊन खेळत असाल तर त्याचं मोठं रूप टॉर्टेरा मिलोटिकसमोर आणू नका, तिच्या आइस बीमने त्याला चौपट लागतं.