बसऱ्याला गेलेल्या आजोबांच्या चुलत्यांचा माग : ऐरोली ते चरई

आमच्या घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, "बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही." आजोबांचे चुलते, पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेलेले, एवढीच माहिती. गेल्या महिन्यात शुक्रवारी रजा टाकली, ऐरोलीहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाणे गाठलं आणि चरईत आत्याकडे दिवसभर ठाण मांडलं. ज्यांच्या माळ्यावर अशीच एखादी ट्रंक पडून असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चरई स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे, मासुंदा तलावाच्या बाजूने. शक्यतो सकाळीच जा. म्हातारी माणसं सकाळी जास्त बोलतात आणि जुनी अक्षरं वाचायला खिडकीतला उजेड लागतो.

आत्याच्या देवघरात एक काळपट गोल थाळी आहे, बारा सेंटीमीटरची. हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि शेजारी सिंह. आजी तिला अंबाबाई समजून रोज हळद-कुंकू वाहायची. ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं देवीरूपातलं प्रतीक. युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकार ही ब्राँझची थाळी पाठवायचं. माझा जीव हरखला, पण थाळीवर फक्त नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काही नाही. मरणात लहानमोठा नको म्हणून ते मुद्दाम गाळलेलं.

खरा धागा ट्रंकेतल्या पदकाने दिला. पदकाची कड बघा! तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर तेव्हाही नाव कोरलेलं असे. आमच्याकडे कुणीतरी चिंच लावून घासल्याने दोन अक्षरं पार गुळगुळीत झाली आहेत. कृपा करून पदक घासू नका. टॉर्च तिरपा धरा, मोबाइलने जवळून फोटो काढा. मला अर्धा तास लागला, पण "११० मराठा" वाचता आलं.

आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांनी वेढा घातला, त्यात ही ११०वी पलटण अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्या मोहिमेचा तळ बसऱ्याला होता, म्हणून घरच्यांच्या तोंडी बसरा राहिला.

पुढचं काम आत्याच्या पलंगावर बसून फोनवरच झालं. युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नुसतं नाव टाकाल तर शेकडो निघतील. नंबर आणि पलटण टाका. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं असतं, त्यामुळे मोठ्याने वाचून पाहा. रायगडऐवजी कुलाबा, ठाण्याचं 'थाना', मराठाचं 'महरट्टा' असं शोधा. १९२२ला पलटणींचे नंबर बदलले, तेही ध्यानात ठेवा : १०३ची पहिली झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी. तुमचे आजोबा जिवंत परतले असतील तर या यादीत ते नसणारच. मग नंबर, पलटण आणि नातं लिहून बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे पत्र टाका. ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मुख्यतः माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी आहे. त्यांचा वेळ मोलाचा, तेव्हा हातात नंबर असल्याशिवाय जाऊ नका आणि शनिवारी तर नकोच.

ज्यांचे पूर्वज कोकणातून खलाशी म्हणून बोटीवर गेले, त्यांनी ठाण्याहून स्लो लोकलने मशीद स्टेशन गाठावं. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. आधी परवानगी विचारा.

आमची नोंद निघाली. ऑगस्ट १९१६, म्हणजे कैदेत. स्मारक बसऱ्याचं, चाळीस हजारांवर माणसांचं. पण मला सर्वांत जास्त लागलं ते हे की त्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. नावं वहीत राहिली. कमिशनने २०२१मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली. आजोबांचे चुलते त्या आकड्यातले एक.

आत्याला नोंद वाचून दाखवली. वडिलांचं नाव, गाव, तालुका. शेवटी 'अमुकचा पती' असं लिहिलेलं. आत्याने हात धरून थांबवलं. आमच्या घरात त्या बाईला सगळे मोठी काकीच म्हणत. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने ते मला तीनदा वाचायला लावलं आणि मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.